आपण, व्हाया लेवांतो

बस स्टॉपवर उभी होती आणि हलायचं नाव घेत नव्हती.

किंग्ज हीथहून बर्मिंगहॅमच्या सेंटरला जाणारी बस, मार्च महिना, बाहेर बारीक चिवट पाऊस आणि काचांवर धरलेली वाफ. बस चार मिनिटं लवकर आलीय, सबब चार मिनिटं इथेच, असं ड्रायव्हरने सांगून टाकलं होतं. वैभवी खिडकीशी बसून वाफेवर बोटाने रेघोट्या ओढत होती. शेजारच्या सीटवर हॉस्पिटलच्या निळ्या ट्यूनिकवर जाकीट चढवलेला एक तरुण फोनवर बोलत होता. आणि तेही चक्क मराठीत.

"आई, मी अजून बसमध्येच... नाही गं, ब्रेकडाउन नाही, नुसता उभा आहे बस! कुठल्या गाढवाने हा टाइमटेबल बनवलाय, आय डोन्ट नो."

परदेशात मराठी माणसाचा असा ठाम समज असतो की आपण काय बोलतो ते चार मैलांत कुणाला कळत नाही. वैभवीने रेघोटी अर्धवट सोडली.

"गाढवाने नाही," ती खिडकीकडे बघतच म्हणाली. "गाढवीने."

फोन हळूच खाली आला. "सॉरी?"

"हे टाइमटेबल मी केलंय. बस कंपनीत तेच काम करते मी. आणि लवकर आलेली बस थांबवली नाही ना, तर पुढच्या स्टॉपवरचा माणूस वेळेवर येऊनसुद्धा चुकतो."

त्याचे कान आधी गुलाबी झाले, मग लाल. इतके लाल कान वैभवीने आजवर पाहिले नव्हते, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडलेच.

"आय ॲम सो, सो सॉरी. म्हणजे... तुम्ही मराठी आहात?"

"नागपूरची. आणि तू म्हटलंस तरी चालेल. गाढवीला कुणी तुम्ही म्हणत नाही."

तो हसला. आधी घाबरत, मग मोकळेपणाने. त्या हसण्यात मांडीवरचे कागद घसरले आणि थेट वैभवीच्या बुटांपाशी आले. तिने ते उचलले, आणि उचलल्यावर न वाचणं तिच्या हातात नव्हतं. दुसऱ्यांची वेळापत्रकं वाचायची तिला खोडच होती.

"इटली?"

"येस. आईबाबांना न्यायचंय, जूनमध्ये. बाबांचे दोन्ही गुडघे नवीन आहेत. ऑपरेशनला तयारच होत नव्हते, तर मी प्रॉमिस केला की गुडघे करा, मग समुद्राला नेतो. मी फिजिओ आहे. नकुल."

"वैभवी. नकुल, बुधवारी सव्वानऊची फेरी पकडणार असं लिहिलंयस. फेरी कुठेय यात?"

"हे काय. फेरी...आले."

"फेरियाले," ती म्हणाली. "म्हणजे कामाचा दिवस. हे बोटीचं नाही, बसचं वेळापत्रक आहे. डोंगरावर जाणाऱ्या."

"आणि हे दोन हातोडे? मला वाटलं, रोडवर्क्स."

"तीही कामाच्या दिवसाचीच खूण."

नकुलने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे मी माझ्या आईबाबांना डोंगरात उभं करून बोटीची वाट बघायला लावणार होतो."

"नव्या गुडघ्यांसकट."

तेवढ्यात बस सुटली. पुढच्या सहा स्टॉपमध्ये तिने त्याच्या योजनेतल्या अकरा चुका दाखवल्या आणि प्रत्येक चुकीला तो जास्तच खूश होत गेला. उतरताना दाराशी थबकून तो म्हणाला, "रविवारी घरी येशील? आई जेवायला घालेल. प्लीज... नाहीतर आमचा काही खरा नाही."

"काही खरं नाही," वैभवीने दुरुस्त केलं.

"तेच," तो म्हणाला आणि पावसात उतरला.

ती गेली. रविवारी, मग पुढच्या रविवारी, मग दर रविवारी.

नकुलच्या घरी जेवण आटोपलं की टेबलावर नकाशा पसरायचा. कमलाकरकाका, म्हणजे नकुलचे बाबा, "प्लॅनरबाई, आज कुठवर पोचवता आम्हाला?" असं विचारून दोन मिनिटांत सोफ्यावर घोरायला लागायचे. स्वातीकाकू कॉफी ठेवून आत जायच्या आणि लवकर बाहेर यायच्या नाहीत. त्यांना आत एवढं काय काम असायचं ते वैभवीला कळत नव्हतं. आता कळतं.

मुक्काम लेवांतोला ठरला. पिसाला विमान, तिथून ला स्पेत्सियाला ट्रेन, तिथून लेवांतो. गाव सपाट, स्टेशनपासून समुद्र पायी जाण्याजोगा, म्हणजे काकांच्या गुडघ्यांची सोय. तिथून रोज एक छोटी सहल. कॉर्निल्याच्या स्टेशनातून गावात जायला पावणेचारशे पायऱ्या, म्हणून तिथे चढायचं नाही, स्टेशनबाहेरची मिनीबस घ्यायची. पोर्तोव्हेनेरेला ट्रेन जात नाही, म्हणून बोट. समुद्र खवळला तर बोट सुटत नाही, म्हणून बोटीच्या दिवसाला एक राखीव दिवस. मंगळवारी दोन जून, इटलीत सुट्टी, सगळ्या बसगाड्यांच्या वेळा वेगळ्या, म्हणून त्या दिवशी कुठेच जायचं नाही. वाळूत बसायचं.

"आणि इथे ही पंचवीस मिनिटं रिकामी का?" नकुलने एकदा विचारलं.

"कारण तुला कॉफी प्यायची असेल. किंवा काकांना. किंवा कुणाला काहीच करायचं नसेल."

"टाइमटेबलमध्ये काहीच न करायला जागा असते?"

"चांगल्या टाइमटेबलमध्ये असते."

बाहेर पाऊस होताच. मार्च संपून एप्रिल लागला तरी त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वैभवीने नकाशावर बोट ठेवलं आणि किनाऱ्याच्या रेषेवरून हळूहळू सरकवायला लागली.

"आता ट्रेन सुटली. डोळे मीट. पहिला बोगदा... अंधार... अजून अंधार... आणि आता दोन सेकंद समुद्र. दिसला?"

"नाही."

"परत बोगदा. आता लक्ष दे. अंधार... अंधार... आत्ता! दिसला?"

"नाही."

"अरे, दोनदा चुकवलास! काहून?"

"मी डोळे मिटलेच नव्हते," नकुल म्हणाला. "मी इकडे बघत होतो."

वैभवीचं बोट वेर्नात्सावर थांबलं ते थांबलंच. पुढची ट्रेन त्या दिवशी कुणी पकडली नाही.

आणि मग एका रविवारी, कॉफीचा कप फिरवत, अगदी सहज, तो म्हणाला, "आपण बोटीत कुठल्या साइडला बसायचं?"

आपण.

आता मराठीत या बाबतीत फार काटेकोर सोय आहे. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचं असेल तर आम्ही, त्याला आत घ्यायचं असेल तर आपण. इंग्रजीचं एकाच शब्दात भागतं, तिथे कोण आत आणि कोण बाहेर हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं. मराठीत एका शब्दात दार उघडतं किंवा बंद होतं. आणि नकुल 'आम्ही' म्हणाला नव्हता.

"डावीकडे," वैभवी म्हणाली. आवाज जमेल तेवढा साधा ठेवून. "जाताना गावं डावीकडे दिसतात."

"ओके. आपण डावीकडे बसू."

त्या दिवशी घरी जाताना तिला स्वतःच्याच बसचा स्टॉप चुकला. तिला नकुल आवडत होता. कान आवडत होते, चुकीचं मराठी आवडत होतं, बाबांच्या गुडघ्यांवर नकळत हात ठेवून "हाऊ इज इट टुडे?" विचारायची रीत आवडत होती. पण ते सगळं आजवर ती प्लॅनरबाई म्हणून बघत होती. आता तिला कुणी बाकावर जागा दिली होती.

मग मेसेज सुरू झाले. 'आपण आइस्क्रीम कुठे खायचा?' 'आपण सनसेटला कुठे असू?' 'आपल्या हॉटेलला लिफ्ट आहे, येय!' दर आपणला ती जागा थोडी थोडी खरी होत गेली. विचारावं असं शंभरदा मनात आलं, की मी पण का रे? पण विचारायचं म्हणजे उत्तर ऐकायची तयारी हवी. शिवाय, शब्द होता की समोर. अजून काय स्टॅम्पपेपरवर हवं होतं?

एक गोष्ट मात्र नकुलच्या ध्यानीमनी नव्हती. त्याच्या ब्रिटिश पासपोर्टवर इटलीला जाणं म्हणजे बॅग उचलून निघणं. तिच्या निळ्या भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत होता. अपॉइंटमेंट मिळाली ती मँचेस्टरची, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. वैभवीने ऑफिसात रजा टाकली, लेवांतोत त्यांच्याच हॉटेलात एक सिंगल रूम धरून ठेवली, आणि फॉर्मला जोडायला दिवसवार प्रवासाचा आराखडा मागितला तेव्हा स्वतःच केलेला आराखडा जोडला. त्यात फक्त माणसं तीनऐवजी चार केली. प्रवासाचा उद्देश, पर्यटन. खरा उद्देश लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. मिळाला तर सांगू, असं ठरवलं. मिळाल्यावर त्याचं तोंड बघायचं होतं तिला.

पासपोर्ट मे महिन्यातल्या एका शुक्रवारी परत आला. आत गुळगुळीत, चकचकीत व्हिसा. रविवारी ती तो पर्समध्ये घालून नकुलकडे गेली. निळा कुर्ता घातला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ऊन पडलं होतं, आणि काका-काकू मागच्या बागेत टोमॅटोची रोपं लावत होते. टेबलाशी ती दोघंच. यापेक्षा बरी वेळ कुठली असणार? तिने पर्सची चेन उघडली...

"आपण परवा आईच्या बर्थडेला जेवायला गेलो ना," नकुल उत्साहाने सांगायला लागला, "तर तिकडे वेटर इटालियन होता! बाबांनी त्याला लेवांतोचा सगळा प्लॅन सांगितला. आपण इतके हसलो, वैभवी..."

चेन अर्ध्यात थांबली.

"आपण गेलो?" तिने विचारलं.

"हो, गुरुवारी."

गुरुवारी वैभवी ऑफिसात संध्याकाळी साडेसातपर्यंत होती. एकटीने सँडविच खाल्लं होतं.

"आपण म्हणजे कोण, नकुल?"

"मी, आई, बाबा." त्याने गोंधळून तिच्याकडे पाहिलं. "वी. का? चुकला काय?"

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

काही चुकलं नव्हतं. त्याला एकच शब्द येत होता, एवढंच. आम्ही हा शब्द तिने त्याच्या तोंडून बसच्या दारातल्या त्या एका वाक्याखेरीज कधी ऐकलाच नव्हता, आणि हे तिच्या आत्ता ध्यानात येत होतं. आपण लहानपणी हॅरोला राहायचो. आपल्या आजोबांचं दुकान होतं. हीही वाक्यं त्याने तिला सांगितलीच होती की! ती त्यांवरून अलगद उडी मारून गेली होती, कारण तिला इटलीची वाक्यं हवी होती. बत्तीस वर्षांची, शहाणीसुरती, मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारी बाई, आणि एका सर्वनामाच्या भरवशावर मँचेस्टरला जाऊन बोटांचे ठसे देऊन आली होती.

तिने चेन लावली. डोकं दुखतंय म्हणाली, कॉफी न घेताच निघाली. नकुल फाटकापर्यंत आला. "मी सोडते... सोडतो ना तुला," म्हणाला. ती नको म्हणाली आणि चालत सुटली. रडू आलं ते तिसऱ्या वळणावर, आणि मग मात्र तिने ते अडवलं नाही.

पुढच्या रविवारी ती गेली नाही. मेसेजना उत्तरं द्यायची, पण आटोपशीर. कामात आहे. बरं वाटत नाहीये. आणि मग एका बुधवारी तिने सगळा आराखडा शेवटचा तपासून, नीट मराठीत लिहून पाठवून दिला, कारण हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती. 'तुम्ही नऊ चाळीसची ट्रेन घ्या. तुम्ही तिघे बोटीत डावीकडे बसा. तुमच्या हॉटेलची लिफ्ट मागच्या बाजूला आहे.' सात पानं. पंचवीस मिनिटांचे रिकामे चौकोन तिने तसेच ठेवले. तिची सिंगल रूम अजून रद्द करायची होती, ते तिने रविवारवर टाकलं.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला बेल वाजली.

दारात नकुल उभा होता. ऊन कधीच संपलं होतं, पाऊस परत आला होता, आणि त्याच्याकडे छत्री नव्हती. जाकिटाच्या आत सात पानं मात्र कोरडी होती.

"मी आत नाही येत," तो म्हणाला. "आधी बोलतो. मग तू सांग, आत येऊ की नको."

वैभवीने दाराला हात धरून ठेवला.

"आईने हे वाचलं. मोठ्याने. पहिला पान वाचला आणि विचारलं, तू काय बोललास तिला? मी म्हटलं, काहीच नाही. मग आई म्हणाली, ही तुम्ही तिघे, तुम्ही तिघे, असं का लिहितेय? मी म्हटलं, वेल, आपण तिघेच आहोत ना. तर आई माझ्याकडे बघतच बसली. म्हणाली, तिच्याशी पण असंच बोलतोस? मी म्हटलं, कसा?" तो थांबला. केसांतून पाणी कपाळावर आलं, ते त्याने पुसलं नाही. "मग तिने मला शिकवलं. आम्ही आणि आपण. एकतीस वर्षांनी! म्हणाली, लहानपणी करेक्ट करून दमले, मग सोडून दिलं."

"जाऊ दे नकुल, भाषेची चूक..."

"थांब ना. माझं झालं नाही. मी घरी बसून आपले... आपले, राइट? तू आणि मी, आपले सगळे मेसेजेस परत वाचले. एकशे चौदा वेळा आपण लिहिलंय मी. आणि एकेक तपासला, तू टाइमटेबल तपासतेस तसा. हॅरोचे सगळे चूक. बाबांच्या फॉलो-अपचे चूक. आजोबांच्या दुकानाचा चूक." त्याने श्वास घेतला. "पण इटलीचे बरोबर आहेत, वैभवी. सगळे. मला शब्द माहीत नव्हता, पण आइस्क्रीम खाताना तू होतीस. बोटीत डावीकडे तू होतीस. मी एकदाही तिघांचा विचार केला नाही. आय जस्ट... मला वाटलं, तुला माहीत आहे."

पाऊस पडत होता. समोरच्या घरातल्या बाई पडदा सारून बघत होत्या, आणि वैभवीला त्याचं काही वाटलं नाही.

"विचारायचं तरी होतंस," ती म्हणाली.

"घाबरलो. तू इतकी हुशार. अकरा चुका काढल्यास, सहा स्टॉपमध्ये." तो जरा पुढे झुकला. "आय लव्ह यू हे मराठीत कसं म्हणतात?"

"मराठीत असं तोंडावर कुणी म्हणत नाही."

"मग काय म्हणतात?"

"पोचलीस की फोन कर, म्हणतात."

नकुलने यावर मनापासून विचार केला. मग विचारलं, "आणि दोघं बरोबरच जात असतील तर?"

वैभवी आत गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात पासपोर्ट होता. तिने तो उघडून त्याच्यापुढे धरला. नकुलने आधी फोटो पाहिला, मग व्हिसा, मग तारखा. एकोणतीस मे ते पंधरा जून.

"तुला व्हिसा लागतो," तो हळूच म्हणाला. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आय ॲम सच ॲन... पण हा तर... तू काढूनही ठेवलास? मी विचारायच्या आधी?"

"तू विचारलं होतंस," वैभवी म्हणाली. "एकशे चौदा वेळा."

मग तो आत आला. ओलं जाकीट दाराशीच पडलं. त्याचे हात गार होते आणि तिच्या गालांवर ते तसेच राहिले. कॉफी करायला म्हणून ती दोनदा उठली आणि दोन्ही वेळा किटली नुसती उकळून बंद झाली. तिच्या केसांत नाक खुपसून तो म्हणाला की त्याला ती हवी आहे, इटलीला आणि इटलीनंतरही, आणि या खेपेला त्याचं व्याकरण अगदी शुद्ध होतं. तिने सांगितलं की तिलाही तो हवा आहे. सांगून टाकल्यावर इतकं हलकं वाटलं की ती हसतच सुटली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. नागपूरहून, आईचा. तिकडे साडेनऊ वाजून गेले असणार, जेवणं आटोपून आई निवांत बसली असणार. उचलला नसता तर तिने दर पाच मिनिटांनी केला असता.

"हं आई... हो, जेवले... नाही गं, आवाज बरा आहे, पाऊस आहे ना इकडे..." नकुल सोफ्याच्या टोकाला एकदम ताठ बसला होता, आई फोनमधून बघतच असल्यासारखा. वैभवीने त्याच्याकडे पाहिलं, आणि ठरवायच्या आधीच बोलून गेली. "आई, ऐक ना. पुढच्या महिन्यात आम्ही इटलीला चाललोय."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"आम्ही?" आईने विचारलं. "आम्ही म्हणजे कोण गं?"

वैभवीने हात पुढे करून नकुलची गार बोटं धरली, आणि आईला त्याचं नाव सांगितलं.